बकेट केवढी घ्यावी?

छोट्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात एक आकडा ठळक छापलेला असतो: लिफ्ट ७५० किलो. महिंद्राचा जिवो २४५ बघा किंवा कुबोटाचा निओस्टार बी २४४१, २४ एचपीच्या वर्गात हाच आकडा भेटतो. पुढं लोडर बसवायचा विचार आला की शेतकरी त्यावरून हिशेब मांडतो. ट्रॅक्टर साडेसातशे किलो उचलतो, तर पाचशे किलो मावेल एवढी बकेट घ्यायला काय हरकत आहे? हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. ७५० किलो ही मागच्या लिफ्टची ताकद आहे. रोटाव्हेटर, नांगर, फवारणीची टाकी उचलण्यासाठी ती असते आणि ते वजन ट्रॅक्टरच्या सगळ्यात दणकट भागावर, मागच्या मोठ्या चाकांवर येतं. लोडरचं ओझं मात्र सगळ्यात नाजूक भागाच्याही पुढं, हवेत लटकतं. लोडर किती उचलेल हे त्याचे सिलिंडर, बाह्या आणि पुढचा आस ठरवतात. मागच्या लिफ्टच्या आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या प्रकरणासाठी चिखलदऱ्याचा परिसर निवडला आहे, कारण बकेटीची चूक सपाट जमिनीवर बरेच दिवस लपून राहते आणि इथं पहिल्याच उतारावर उघडी पडते. परतवाडा सोडून घाट चढायला लागलं की पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन मागं राहते. साधारण ११०० मीटर उंचीवरचं हे पठार बेसाल्टचं. मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ, त्याखाली मुरूम, मुरमात गोटे. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट. वावरं लहान, उताराला आडव्या बांधलेल्या टप्प्यांची. कॉफी होणारा विदर्भातला हा एकमेव डोंगर, आणि अलीकडच्या वर्षांत मोथा गावाच्या बाजूला स्ट्रॉबेरीचे वाफेही दिसू लागले आहेत. अशा वावरात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, जेसीबी आणली तर टप्प्याचा धुराच मोडते. छोटा, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर आणि त्याला पुढं लोडर, ही जोडी इथं खरोखर उपयोगाची आहे. शेणखत पसरायचं, धुऱ्याला माती लावायची, पावसानं खाल्लेल्या वाटेवर मुरूम टाकायचा, तळ्यातला गाळ वावरात आणायचा. मजूर मिळत नाहीत तेव्हा तर घमेल्यांचं हे काम महिनोन्‌महिने पडून राहतं.

आता बकेटीचं माप. दुकानदार ते लिटरमध्ये सांगतो, मिस्त्री घनफुटात आणि मुरूम विकणारा ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २८३० लिटर. छोट्या ट्रॅक्टरला साधारण १५० लिटरची बकेट सुचवली जाते, ती सव्वापाच घनफुटांची. घेणाऱ्याचा डोळा बहुधा तिच्या शेजारी ठेवलेल्या २५० लिटरच्या बकेटीवर असतो, पावणेनऊ घनफुटांची. यातही एक गोम आहे. माप काठोकाठ भरून सांगितलंय की शीग लावून, हे विचारल्याशिवाय कळत नाही. शिगेसह मोजलं तर आकडा सहज मोठा दिसतो. दोन दुकानांतल्या बकेटींची तुलना करताना दोन्ही मापं एकाच पद्धतीची आहेत ना, एवढं तरी बघावंच.

लिटर सारखे असले तरी किलो सारखे नसतात, आणि बकेट निवडताना सगळं काही या फरकावर ठरतं. चांगलं कुजलेलं शेणखत घनमीटरला सातशे किलोंच्या आसपास भरतं. मोकळा मुरूम सोळाशे. ओली रेती एकोणीसशेपर्यंत जाते. सोयाबीनचं कुटार मोकळं असेल तर शंभर किलोही भरत नाही. म्हणजे २५० लिटरच्या बकेटीत कुटार भरलं तर वीस-पंचवीस किलो, शेणखत १७५ किलो, मुरूम ४०० किलो आणि ओली रेती ४७५ किलो. तीच बकेट, तोच ट्रॅक्टर, पण ओझ्यात वीसपट फरक. बकेट घेताना आपल्या मनात शेणखत असतं, कारण ते काम नेहमीचं. पण एकदा बकेट पुढं लागली की घराच्या बांधकामाची रेतीही तीच उचलणार. घरातला जो कोणी ट्रॅक्टरवर बसेल तो बकेट दिसते तेवढी भरणारच, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून माप ठरवायचं ते सगळ्यात जड मालावर.

हे ओझं ट्रॅक्टरला काय करतं? पहारीनं गोटा उचलताना खाली टेकू देतो, तसा पुढचा आस हा इथला टेकू. टेकूच्या एका बाजूला बकेटीतला माल, दुसऱ्या बाजूला मागच्या चाकांवरचं वजन. माल जितका पुढं, तितकी मागची चाकं हलकी. हे आकड्यांत मांडून बघू. समजा ट्रॅक्टर चालकासह १००० किलोंचा आहे, त्यातले ६०० किलो मागच्या आसावर आणि ४०० पुढच्या. दोन आसांतलं अंतर दीड मीटर. लोडरच्या बाह्या, चौकट आणि रिकामी बकेट मिळून २५० किलो, आणि या वजनाचा मध्य पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढं. लोडर नुसता बसवला तरी मागून ८० किलोंहून थोडं जास्त वजन कमी होतं, म्हणजे ५१७ उरतात. आता बकेटीतल्या मालाचा मध्य आसाच्या १.२ मीटर पुढं धरला, तर बकेटीतला प्रत्येक किलो मागचं वजन ८०० ग्रॅमनं कमी करतो.

१५० लिटरच्या बकेटीत मुरूम २४० किलो. मागं उरले ३२५, म्हणजे एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जरा जास्त. २५० लिटरच्या बकेटीत मुरूम ४०० किलो. मागं उरले १९७, आठवा हिस्साही नाही. पुढच्या आसावर मात्र साडेचौदाशे किलो आले, रिकाम्या ट्रॅक्टरच्या साडेतीनपटींहून अधिक. पुढचा आस, त्याच्या कपलिंगा, छोटे टायर आणि स्टेअरिंग यांना हा भार रोज सोसत नाही. खड्ड्यात चाक गेलं की क्षणभर तो आणखी वाढतो. दोनच चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरचा पुढचा आस तर याहून बारीक असतो. त्याला लोडर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागं किती वजन राहिलं म्हणजे पुरे? सपाट जागेवर एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाखाली ते कधीच जाऊ नये, आणि चौथा हिस्सा राहिला तर उत्तम. हाच निकष उलट्या बाजूनंही पटतो. जेसीबीच्या नेहमीच्या बॅकहो लोडरचं वजन साडेसात टनांच्या आसपास आणि पुढची बकेट सुमारे एक घनमीटरची. म्हणजे मुरूम भरला तर मशीनच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं ओझं. आपल्या उदाहरणात ट्रॅक्टर आणि लोडर मिळून साडेबाराशे किलोंचे. त्यांचा पाचवा हिस्सा अडीचशे किलो, आणि १५० लिटरची बकेट मुरमानं भरली की जवळपास तेवढीच होते. २५० लिटरची बकेट लावली तर ओझं मशीनच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाला जातं. गावोगावी जेसीबी बघून आपल्या डोळ्यांना मोठ्या बकेटीची सवय लागली आहे, पण तिच्यामागं साडेसात टनांचं धूड उभं असतं.

उतार आला की वरचे सगळे आकडे आणखी बिघडतात. सहा मीटर पुढं जाताना एक मीटर खाली उतरणारी वाट घ्या. चिखलदऱ्याच्या आसपास अशी वाट शोधावी लागत नाही. तोंड उताराकडं करून ट्रॅक्टर खाली चालला की त्याचं वजन आपोआप पुढं सरकतं. आपल्या उदाहरणात ट्रॅक्टर आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला, तर मागचं सव्वाशे किलोंच्या आसपास वजन असंच पुढं जातं. १५० लिटर मुरूम घेऊन उतरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर मग दोनशे किलो उरतात. २५० लिटर ओली रेती असेल तर जवळजवळ शून्य.

हे शून्य जिवावर बेतणारं आहे, कारण बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ज्या चाकांवर वजनच नाही ती ब्रेक दाबल्यावर नुसती घसरतात, आणि चालकाला वाटतं ब्रेक निकामी झाले. फोर व्हील ड्राइव्ह चालू असेल तर पुढची चाकंही गिअरबॉक्सशी जोडलेली राहतात आणि ट्रॅक्टर रोखायला मदत करतात. म्हणून ओझं घेऊन उतरताना फोर व्हील चालूच ठेवायचं, गिअर खालचा आणि क्लच दाबायचा नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे तोंड चढाकडं ठेवून रिव्हर्समध्ये उतरणं. तेव्हा जड बाजू वर राहते आणि मागच्या चाकांना वजन परत मिळतं. चढताना तोंड चढाकडंच असतं, ते बरोबरच आहे.

बाजूला कलंडण्याचं कारण वेगळं आहे आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येतं. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खुंटीवर झुलता बसवलेला असतो, उंचसखल जमिनीवर चारही चाकं टेकावीत म्हणून. त्यामुळं आडव्या उतारावर ट्रॅक्टरला तोलून धरण्याचं काम प्रामुख्यानं मागची दोन चाकंच करतात, पुढून फक्त त्या खुंटीचा आधार असतो. बकेट भरून मागची चाकं हलकी केली की सगळा डोलारा त्या एका खुंटीवर येतो. त्यात बकेट वर उचलली, तर खालच्या बाजूचं चाक छोट्याशा गोट्यावरून उतरलं तरी ट्रॅक्टर उलटतो. भरलेली बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवूनच न्यायची आणि ट्रॉलीच्या शेजारी सपाट जागी पोचल्यावर उचलायची. टप्प्याच्या कडेनं, धुऱ्यालगत आडवं चालणं शक्यतो टाळायचं. पावसानंतर धुऱ्याची कड वरून घट्ट दिसते, पण तिच्याखालची माती मोकळी झालेली असते.

या डोंगरात ओझ्याचा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगडाला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला जड तोफा किल्ल्याच्या उत्तरेला न्यायच्या होत्या. एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून निघून फौजेनं आधी स्वतः वाट तयार केली आणि त्या वाटेनं तोफा डोंगरदऱ्यांतून बहुतेक सगळं अंतर माणसांच्या हातांनी ओढून नेल्या. ७ ते १२ डिसेंबर हे दिवस त्यातच गेले, आणि १५ तारखेला किल्ला पडला. सपाटीवर बैलांनी सहज ओढलेलं ओझं या उतारांवर फौजेला हातांनी ओढावं लागलं.

मागच्या चाकांचं गेलेलं वजन परत देता येतं. त्यासाठी दोन वाटा आहेत, आणि त्यांतला फरक समजून घ्यायला हवा. एक, मागच्या टायरांत पाणी भरणं. ते स्वस्त आहे, वजन खाली राहतं आणि आडव्या उतारावर आधार मिळतो. पण हे वजन थेट मागच्या आसावर बसतं, पुढच्या आसाचा भार त्यानं किलोभरही कमी होत नाही. दुसरी वाट म्हणजे मागच्या लिफ्टला वजनाची पेटी लटकवणं. काँक्रीट ओतलेली लोखंडी पेटी कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात तयार होते. आपल्याच उदाहरणात २०० किलोंची पेटी मागच्या आसाच्या ८० सेंटिमीटर मागं लावली, तर मागच्या चाकांवर ३०० किलोंहून अधिक वजन येतं आणि पुढच्या आसावरचं शंभरेक किलो उतरतं. इथंही तोच पहारीचा न्याय, पण आपल्या बाजूनं. १५० लिटर मुरूम आणि ही पेटी असा ट्रॅक्टर वर सांगितलेल्या उतारावरही मागच्या चाकांवर चौथ्या हिश्शाहून जास्त वजन ठेवून चालतो. दोन्ही वाटा एकदम वापरल्या तर सगळ्यात चांगलं.

पेटी लावली म्हणजे २५० लिटरची बकेट चालेल, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पेटीसह ४०० किलो मुरूम उचलला तर मागची चाकं सावरतात खरी, पण पुढच्या आसावर तरीही साडेतेराशे किलो राहतात. पेटीनं तोल सांभाळला जातो, लोखंडाची ताकद वाढत नाही.

आता रुंदी. बकेट निदान पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडांएवढी रुंद असावी, आणि मागची चाकंही तिच्या मापात आली तर आणखी बरं. ती अरुंद असेल तर ढिगात शिरताना चाकं ढिगावर चढतात, आणि एक चाक वर चढलं की ट्रॅक्टर तिरपा होतो. छोट्या ट्रॅक्टरला चार ते साडेचार फूट रुंदी बहुधा पुरते. याहून रुंद बकेट मुरमात कमी घुसते, कारण ट्रॅक्टरचा तेवढाच जोर लांब धारेवर वाटला जातो. डोंगरातल्या गोटेमिश्रित मुरमात हा फरक लगेच जाणवतो. तिथं दात बसवलेली चार फुटी बकेट जे काम करते ते साध्या धारेच्या पाच फुटीला जमत नाही. आणि मुळात लोडर खोदण्यासाठी नाही. मुरूम घट्ट असेल तर आधी मागं कल्टिवेटर लावून तो मोकळा करावा आणि मगच बकेटीनं उचलावा. लिटर वाढवण्यासाठी बकेट पुढच्या बाजूला खोल केली तर मालाचा मध्य आणखी पुढं सरकतो, आणि आपण आताच केलेला सगळा हिशेब आणखी बिघडतो. दोन बकेटींचे लिटर सारखे असतील, तर कमी खोल आणि जास्त रुंद असलेली बकेट घ्यावी.

रुंदी शेवटी जागेवरही ठरते. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या दोन लोहार भावांनी एका टर्की पाळणाऱ्यासाठी तीन चाकी छोटा लोडर बनवला. त्याच्या कोठारातल्या खांबांमधून मोठं यंत्र वळत नव्हतं म्हणून. पुढं त्यातूनच बॉबकॅट यंत्र निघालं. खाली अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुडच्या संत्र्याच्या बगीच्यांत झाडं साधारण सहा बाय सहा मीटरवर असतात, पण फांद्या पसरल्यावर मधे उरते ती वाट बरीच अरुंद. तिथं बकेटीचा कोपरा फांदीला लागला तर नुकसान झाडाचं होतं. गोठ्याचं दार, टप्प्यावर चढायची उतरण, ट्रॉलीच्या फाळक्याची उंची ही मापं टेपनं घेऊनच दुकानात जावं.

लहान बकेटीनं वेळ किती जातो? एक ब्रास मुरूम हलवायला १५० लिटरच्या बकेटीच्या एकोणीस खेपा, २५० लिटरच्या सव्वाअकरा. एका खेपेला दीड मिनिट धरलं तर ब्रासमागं अकरा-बारा मिनिटांचा फरक. एकरी दहा टन शेणखत टाकायचं तर ते पाच ब्रास होतं, म्हणजे एकरामागं तासाभराचा फरक. तास कमी नाही, डिझेलही जातं, हे खरं. पण भरलेल्या मोठ्या बकेटीनं उतारावर जपून चालावं लागतं, आणि त्या जपण्यात हा तास बराचसा परत जातो. ज्याचं जवळजवळ सगळं काम शेणखत आणि कुटाराचं आहे, त्यानं हलक्या मालाची दुसरी, मोठी बकेट वेगळी घ्यावी. दोन पिनांवर बदलता येणारी जोडणी असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे. त्या मोठ्या बकेटीवर रंगानं ठळक लिहून ठेवावं: मुरूम-रेती भरू नये. मुरूम विकतचा असो की आपल्याच वावरातला, तो गौण खनिज आहे आणि त्याच्या परवान्याची चौकशी तहसीलमध्ये आधी करावी, हेही इथं सांगून ठेवतो. मेळघाटात वनहद्द कुठं लागते ते नकाशावर बघणं तर त्याहून गरजेचं.

विकत घेताना विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारावेत. लोडरची उचल कुठल्या बिंदूवर मोजली आहे, बाह्यांच्या खिळीवर की बकेटीच्या मध्यावर? खिळीवरचा आकडा नेहमी मोठा येतो. पूर्ण उंचीवर किती उचलतो? जमिनीलगतचा आणि वरचा आकडा सारखा नसतो. लोडरची चौकट मागच्या आसापर्यंत बांधलेली आहे की मधेच क्लचच्या घरावर टेकवली आहे? कंपनी पुढच्या आसावर जास्तीत जास्त किती भार मान्य करते, आणि बाहेरचा लोडर लावला तर वॉरंटी राहते का? मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, आणि तिच्या अहवालात दोन्ही आसांवरचं वजन स्वतंत्र दिलेलं असतं. आपल्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर वर मांडलेलं गणित खऱ्या आकड्यांनी घरीच करता येतं.

तो नाही मिळाला तरी वजनकाटा असतोच. लोडर बसवून झाला की पूर्ण पैसे देण्याआधी ट्रॅक्टर काट्यावर न्यावा. बकेट ओल्या रेतीनं भरावी, वीतभर उचलावी, चालक बसलेलाच असू द्यावा. आधी पूर्ण ट्रॅक्टरचं वजन घ्यावं, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागच्या चाकांचं. दुसरा आकडा पहिल्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला तर मागं पेटी लावून पुन्हा मोजावं. पेटीनंही भागलं नाही, किंवा पुढच्या आसाचा आकडा, म्हणजे या दोन आकड्यांतला फरक, कंपनीच्या मर्यादेबाहेर गेला, तर बकेट तिथल्या तिथं बदलून एक माप लहान मागावी.